खिडकीकडचा हात

मंगळवार, ६ तारीख

पोचले. पाय शाबूत, बॅग शाबूत, डोकं मात्र ठणकतंय.

ही वही मुळात मापांची. शिवणाचं दुकान बंद केलं तेव्हा मागची पानं कोरी राहिली होती, ती फुकट कशाला घालवायची म्हणून यात लिहिते आहे. पुढच्या पानांवर आमच्या गल्लीतल्या सगळ्या बायकांच्या कंबरा आहेत, तेव्हा वही कोणाच्या हाती लागलीच तर माझ्याआधी त्यांची अब्रू जाईल.

ताई गेली तेव्हा माझा पाय प्लॅस्टरमध्ये होता. शेवटचं तोंडसुद्धा बघता आलं नाही. आता प्लॅस्टर निघालं, डॉक्टरांनी "जिन्यांना जपा" म्हणून बजावलं, आणि मी आले ती थेट ताईच्या माडीवरच्या दोन खोल्यांत. महिनाअखेर त्या रिकाम्या करून मालकांच्या ताब्यात द्यायच्या आहेत. त्याआधी रविवारी, अठरा तारखेला, शाळेत तिच्या आठवणींचा कार्यक्रम आहे. सख्खी बहीण म्हणून मला तिथे बसायचंय.

ताई इथल्या प्राथमिक शाळेत पहिलीला शिकवायची. नोकरी लागली तेव्हापासून निवृत्त होईपर्यंत पहिलीच, आणि खोलीही तीच, कोपऱ्यातली.

स्टेशनाबाहेर एक अगडबंब माणूस पुढे आला आणि त्याने माझी बॅगच ओढून घेतली. मी ओरडणार तेवढ्यात म्हणाला, "मावशी ना? बाईंची बहीण? नाकावरूनच ओळखलं!"

"मी तुमची मावशी कुठून झाले?"

"आता बाईंची बहीण म्हणजे मावशीच की हो."

हा टॅक्सीवाला. ताईचा विद्यार्थी. पहिलीत असतानाच याचा घसा एवढा मोठा की ताईने त्याचं नाव ठेवलं भोंगा. त्याने ते टॅक्सीच्या मागच्या काचेवर रंगवून घेतलंय आणि बायकोही त्याला त्याच नावाने हाक मारते म्हणे.

पहिल्याच चौकात तो म्हणाला, "मावशी, आता आपण दाराकडे वळणार हं." मला वाटलं टॅक्सीचं दार उघडं राहिलंय, म्हणून मी हँडल गच्च धरून बसले. मग त्याने गाडी बाजूला घेऊन समजावलं. पहिलीच्या वर्गात बाकावर बसलोय असं समजायचं, फळ्याकडे तोंड करून. या हाताला खिडकी, या हाताला दार. कुठेही जायचं तर खिडकीकडे नाहीतर दाराकडे. "बाईंनी असंच शिकवलंय," असं म्हणून त्याने दोन्ही हात पसरून दाखवले. खिडकी म्हणजे डावा, दार म्हणजे उजवा. मला एका मिनिटात कळलं, तरी तो लहान मुलाला सांगावं तसं तीनदा सांगत बसला.

वाटेत त्याला फोन आला. "हां साहेब, स्टेशनातून बाहेर पडलात की उजवीकडे थांबा, आलोच," म्हणाला. बाहेरगावचं गिऱ्हाईक असावं.

बुधवार, ७ तारीख

खोल्या पाहिल्या. बाहेरच्या खोलीत पलंग, टेबल, दोन खुर्च्या. आतल्या खोलीत स्वयंपाकाचा ओटा आणि कपाट. कपाटात स्वेटर पाच आणि पाचही कोपरांवर विरलेले. मी दरवर्षी एक नवा पाठवायचे, ते सगळे पिशवीतून न काढता खाली ठेवलेले. फोनवर मात्र "फार उबदार आहे हो" म्हणायची. खोटारडी.

बटणांची एक मोठी बरणी सापडली. वर्गात पोरांची बटणं तुटायची, ती ही लावून द्यायची. कसली लावत असेल, देव जाणे. तिची सुई सरळ गेलेली मी कधी पाहिली नाही.

खाली सायकल दुरुस्तीचं दुकान आहे. सायकलवाला हाच माडीचा मालक आणि हाही ताईचाच विद्यार्थी. मघाशी मी खाली उतरले तर त्याने माझ्या पायांकडे निरखून बघितलं आणि खूश होऊन म्हणाला, "वा मावशी, चपला अगदी बरोबर घातल्यात की!"

आता चपला बरोबर नाही तर कशा घालणार? इथली माणसं प्रेमळ आहेत पण जरा गमतीदार वाटतात.

शुक्रवार, ९ तारीख

आज मुख्याध्यापक आले. तरणेताठे आहेत, गेल्याच वर्षी बदली होऊन आलेत, त्यामुळे ताईला जेमतेम दोनदा भेटलेले. पण उत्साह असा की ओसंडून वाहतोय.

"मावशी, तुम्हाला कल्पना नाही बाईंनी काय करून ठेवलंय!" खुर्चीत बसायच्या आधीच सुरू झाले. "लहान मुलांना डावं-उजवं शिकवताना सगळ्यात मोठी अडचण काय? शिक्षिका मुलांकडे तोंड करून उभी असते. तिचा उजवा तो मुलांचा डावा. मुलं गोंधळतात. बाईंनी तो गोंधळ मुळापासूनच उपटून टाकला. खिडकी आणि दार! कुणीही कुठेही तोंड करा, खिडकी हलत नाही!"

"हो का," मी म्हटलं.

"अख्खं गाव आजही तसंच बोलतं. मी आलो तेव्हा थक्क झालो. आपण वर्गात दगडी पाटी बसवतोय. तिचं अनावरण तुमच्या हस्ते, आणि पाच मिनिटं तुम्ही बोलायचं."

मजकूर वाचून दाखवला. "खिडकी-दार पद्धतीच्या जनक, शांत व सोशिक स्वभावाच्या आदर्श शिक्षिका." मी "बघू" म्हटलं आणि त्यांना जिन्यापर्यंत पोचवलं.

ते गेल्यावर मी पलंगावर पडून पोट दुखेपर्यंत हसले. जनक! अहो, ताईला डावं-उजवं कळतच नव्हतं. लहानपणी नाही, मोठेपणी नाही, कधीच नाही. बाकी डोकं सुरीसारखं. पाढे उलटे म्हणायची, हिशेब तोंडी करायची, पण "डावा हात दाखव" म्हटलं की चेहरा पांढराफटक. शाळेत कवायतीला "डावीकडे वळ" झालं की सगळी रांग एकीकडे आणि ताई एकटी रांगेकडे तोंड करून उभी. मग मी तिच्या मागे उभी राहायला लागले. वळायची वेळ आली की त्या बाजूने हळूच तिचा फ्रॉक ओढायचे. आईने शिवण शिकवायला घेतलं तेव्हा हिने एका सदऱ्याला दोन्ही बाह्या डाव्याच लावल्या. आईने मशीन तिच्याकडून काढून मला दिलं, आणि माझा धंदा त्या दोन बाह्यांवर उभा राहिला.

हे फक्त आईला आणि मला ठाऊक होतं. नोकरीच्या गावी निघताना बसच्या पायरीवर उभं राहून ताईने मला दम भरला होता, "तिथे कुणाला कळलं तर मला एका दिवसात घरी पाठवतील. पोरांना काय शिकवणार म्हणतील. तोंड उघडलंस तर याद राख." मी उघडलं नाही. नवऱ्यालासुद्धा सांगितलं नाही, आणि त्याला मी काय काय सांगत नव्हते!

आता कळतंय तिने बढती का घेतली नाही ते. वर्ग बदलला असता तर खिडकी बदलली असती.

हसून झाल्यावर बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. शांत आणि सोशिक म्हणे. दर रविवारी फोनवर माझ्याशी भांडणारी, पत्त्यांत लबाडी करणारी, चहात साखर कमी पडली की कप परत पाठवणारी माझी ताई. ती दगडात शांत होऊन बसली की मग खरी कुठे शोधायची?

शनिवार, १० तारीख

दाढ दुखतेय. कपाटाचे दोन खण झाले. बाकी काही नाही.

सोमवार, १२ तारीख

दाढेने रविवारी दिवसभर जीव खाल्ला. आज सायकलवाल्याने दातांच्या डॉक्टरकडे पाठवलं. रस्ता सांगितला तोही खिडकी-दार करत, आणि वर म्हणाला, "पाठवू का कुणाला बरोबर?" म्हटलं दाढ दुखतेय, डोळे ठीक आहेत.

डॉक्टरीण तिशीतली, चुणचुणीत. ताईचं नाव निघताच तिचे डोळे भरले आणि मला खुर्चीत झोपवतानाही ती हात सोडेना. मग तपासून म्हणाली, "मावशी, दुखणारी दाढ खिडकीकडची आहे. वरची. कळलं ना? खिडकीकडची." आणि माझ्या डाव्या गालावर बोट टेकवून दाखवलं, दोनदा.

मी "आ" वासून पडले होते, काय बोलणार. तेवढ्यात ती आपल्या मदतनीस मुलीकडे वळून म्हणाली, "वरची डावी, सहावी. लिहून घे."

निघताना पुन्हा बजावलं, "दोन दिवस दाराकडून चावायचं हं." आणि माझ्या उजव्या हातात गोळ्यांची पुडी ठेवून मूठ मिटली. "हा बघा, हा दाराकडचा हात."

शिकून एवढी डॉक्टर झाली तरी जुनी सवय जात नाही बिचारीची. मदतनीस मुलगी बहुतेक दुसऱ्या शाळेतली असावी.

बुधवार, १४ तारीख

दाढ शांत झाली, मी नाही.

कार्यक्रम जवळ आला तसे लोक वर यायला लागलेत. येतात, खुर्चीवर बसतात, डोळे पुसतात आणि ताईबद्दल सांगतात. प्रेमाने सांगतात, त्यात खोट नाही. पण ऐकता ऐकता मला वाटायला लागतं, मी चुकून दुसऱ्याच कुणाच्या बहिणीच्या घरात शिरले आहे.

एक बाई म्हणाल्या, "बाई कधी चिडल्याच नाहीत हो."

"कधीच?"

"आवाजसुद्धा चढवला नाही."

माझ्या डोक्यावर अजून खूण आहे. ताईच्या फुटपट्टीची. कोणाची पेन्सिल कोणी घेतली यावरून झालेलं भांडण होतं ते. मी बोटाने केस बाजूला करून दाखवणार होते, पण त्या इतक्या भाविकपणे बघत होत्या की केस सरळ करून चहा टाकायला उठले.

संध्याकाळी सायकलवाला दुकान बंद करून वर आला. तो रोज यायचा म्हणे, ताईबरोबर रमी खेळायला. म्हटलं, आता सापडला एक खरा माणूस. विचारलं, "लबाडी करायची की नाही?"

तो पत्ते पिसायला लागला. "बाई? छे. माझंच नशीब वाईट. रोज मीच हरायचो."

"रोज?"

"एकही दिवस जिंकलो नाही, मावशी."

आता रोज हरणाऱ्या माणसाला संशय येऊ नये? मी त्याला ताईची ती युक्ती करून दाखवली, जोकर पदराखाली सरकवायची. त्याने नीट बघून घेतलं आणि "अस्सं होय," म्हणाला. अगदीच भोळा. असल्या माणसाच्या हाती सायकलींचे ब्रेक आहेत या गावाचे.

गुरुवार, १५ तारीख

मुख्याध्यापकांचा फोन. मजकूर उद्या कोरायला घेतायत, काही बदल असेल तर आजच सांगा. मी म्हटलं, "शांत काढा." ते म्हणाले, "मग काय घालू?" मला पटकन सुचेना. चिडकी कोरता येत नाही दगडात. शेवटी म्हटलं, असू दे, करा.

फोन ठेवला आणि मन खायला उठलं.

सांगावं का खरं? दोन दिवस हेच चाललंय डोक्यात. सांगितलं तर ताईशी गद्दारी. तिने आयुष्यभर जपलं, मी जपलं, आणि ती गेल्यावर महिनाभरात तिच्याच वर्गात, तिच्याच पोरांसमोर बोलून टाकायचं? ते हसले तर? माझ्या ताईला कोणी हसलेलं मला खपणार नाही, मी स्वतः सोडून.

आणि नाही सांगितलं तर तिथे पाटी लागणार, मी तिच्यावरचं कापड ओढणार आणि टाळ्या वाजवणार. पुढे मीही जाईन. मग पत्त्यांत लबाडी करणारी, डावं-उजवं न कळणारी, त्या भीतीने आयुष्यभर एकाच खोलीत तळ ठोकून बसलेली ताई या जगात कोणालाच ठाऊक नसेल. तिला किती जड गेलं असेल ते. रोज सकाळी त्या वर्गात पाऊल टाकताना आधी खिडकी बघत असेल. त्याबद्दल तिला कोणी शाबासकी द्यायची?

दोन भाषणं तयार केली. एक गुळगुळीत, एक खरं. दोन्ही आरशासमोर म्हणून पाहिली. गुळगुळीत जास्त चांगलं होतंय.

शनिवार, १७ तारीख

साडीला इस्त्री केली. ताईचा एक जुना स्वेटर घालून पाहिला, खांद्यात ओघळतो. काहीही ठरलेलं नाही.

रविवार, १८ तारीख

सगळं नीट लिहून ठेवते.

कार्यक्रम ताईच्याच वर्गात होता. पाहुण्यांसाठी खुर्च्या मागवल्या होत्या पण कोणी त्यात बसेना. सगळे आपापल्या जुन्या बाकांवर जाऊन बसले. थोराड माणसं, गुडघे हनुवटीला टेकलेले. भोंगा शेवटच्या बाकात अडकला होता. सायकलवाला आणि डॉक्टरीण पुढे. भिंतीवर पाटी, वर निळं कापड. मी फळ्याजवळ उभी होते, जिथे ताई उभी राहायची. एकीकडून खिडकीतला उजेड, दुसरीकडे दार. साधी खोली. एवढ्याशा खोलीत तिने अख्खी नोकरी काढली.

मुख्याध्यापक पद्धतीवर बोलले. बराच वेळ बोलले. "जनक" हा शब्द चारदा आला. मग म्हणाले, "आता मावशी दोन शब्द बोलतील."

मी गुळगुळीत भाषण काढलं आणि पहिलं वाक्य म्हटलं. "माझी बहीण अत्यंत शांत स्वभावाची होती." आणि कागद खाली केला. कारण मला दिसलं की याच्यापुढे मी एक शब्द बोलले तर ती कायमचीच जाईल.

"खोटं आहे हे," मी म्हटलं. "मी कपडे शिवणारी बाई, मला गोड बोलता येत नाही. ताई चिडकी होती. पत्त्यांत लबाडी करायची. साखर कमी पडली तर चहा परत पाठवायची. आणि पद्धत-बिद्धत काही नाही हो सर, तुमची माफी मागते. तिला डावं-उजवं कळत नव्हतं. लहानपणापासून नाही. कोणाला समजलं तर नोकरी जाईल म्हणून तिने खिडकी आणि दार धरलं. तुम्ही हसा हवं तर. पण ती रोज घाबरत होती आणि तरी रोज शिकवत होती. एवढंच मला सांगायचंय."

कोणी हसलं नाही. मुख्याध्यापक तोंड उघडं टाकून बसलेले. बाकीचे माझ्याकडे बघतच नव्हते, एकमेकांकडे बघत होते. वाटलं, केलं मी वाटोळं.

मग शेवटच्या बाकावरून भोंगा उठला. बाक त्याच्याबरोबर थोडा उचलला गेला. आयुष्यात पहिल्यांदाच हळू आवाजात बोलला असेल तो.

"मावशी, ते आम्हाला माहीत होतं."

"काय माहीत होतं?"

"बाईंचं. डाव्या-उजव्याचं."

"कधीपासून?"

"पहिलीपासून," डॉक्टरीण म्हणाली. "कवायतीला बाई म्हणायच्या उजवीकडे आणि हात करायच्या डावीकडे. आम्ही हाताकडे बघून वळायचो. मग दुसरीत गेल्यावर तिथल्या बाईंनी उरलेल्यांनाही खरं काय ते शिकवलं, गुपचूप, दार लावून. आणि फाटकापाशी पहिलीच्या नव्या पोरांना सांगायचं काम आमच्याकडे."

"काय सांगायचं?"

तीन-चार जण एकदम म्हणाले, अगदी धडा म्हणावा तसे, "बाईंसमोर डावं-उजवं म्हणायचं नाही."

सायकलवाला खाली बघत म्हणाला, "सगळ्यांच्या तोंडात तेच बसलं मग. बाई रस्त्यात कुठेही भेटायच्या ना. दुकानात, दवाखान्यात. चुकून तोंडातून जायला नको."

मी फळ्याला टेकले. तेवढ्यात भोंगा पुन्हा बोलला, आणि आता त्याचा मूळचा आवाज लागला होता. "म्हणून तर मावशी, तुमच्यासमोरही आम्ही फार सांभाळून..."

डॉक्टरणीने त्याच्यावर डोळे वटारले.

"माझ्यासमोर का?"

भोंगा खाली बसायला लागला.

"माझ्यासमोर का रे, भोंग्या?"

"नाही म्हणजे... आम्हाला वाटलं, घराण्यातच असेल."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. ती दोनदा टेकवलेली बोटं, मिटलेली मूठ, चपलांचं कौतुक, बरोबर कुणाला पाठवू का. "अरे मी आयुष्यभर बाह्या जोडल्या!" मी ओरडले. "डाव्या! आणि उजव्या! तक्रार घेऊन एक गिऱ्हाईक परत आलं नाही कधी!" आणि मग जो हशा फुटला, तो खिडकीबाहेर रस्त्यापर्यंत गेला असेल. मीही हसत होते. सायकलवाला डोळे पुसत म्हणाला, जोकरचंही त्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. म्हणजे भोळी कोण, ते आता मला लिहायला नको.

हसणं ओसरल्यावर डॉक्टरीण उभी राहिली. म्हणाली, "आमच्या वर्षी शाळा तपासायला साहेब आले होते. आमच्या वर्गात येऊन म्हणाले, मुलांनो, उजवा हात वर करा. बाईंना वाटलं मुलं घाबरतील, म्हणून त्यांनी स्वतःही हात वर केला. डावा. साहेबांची त्यांच्याकडे पाठ होती, पण आम्ही बघितलं. मला माझा उजवा कुठला ते चांगलं माहीत होतं, घरी शिकवलं होतं. आणखीही बऱ्याच जणांना माहीत होतं. पण आमच्यातल्या एकानेही उजवा वर केला नाही. साहेबांनी लिहून नेलं, वर्ग फार कच्चा आहे. त्या वर्षीचं बक्षीस दुसऱ्या शाळेला गेलं."

"आणि ताई?" मी विचारलं. "ओरडली?"

"नाही. साहेब गेल्यावर त्यांनी आमच्याकडे पाठ केली आणि फळा पुसायला लागल्या. खूप वेळ पुसत होत्या. फळ्यावर काही लिहिलेलंच नव्हतं, मावशी."

मुख्याध्यापकांनी आपला कागद चार घड्या करून खिशात घातला आणि हिरमुसून म्हणाले, "म्हणजे, पद्धत नव्हतीच म्हणायची."

"होती ना सर," डॉक्टरीण म्हणाली. "पद्धत आमची होती."

मग मी रडले. ताई गेल्याचा फोन आला तेव्हा रडले नव्हते, प्लॅस्टरमध्ये पडून होते तेव्हाही नाही. आज त्या सगळ्या लोकांसमोर, ताईच्या जागी उभी राहून, पदर तोंडाला लावून ढसाढसा रडले. कोणी "रडू नका" म्हणालं नाही, याबद्दल मी त्यांची आभारी आहे.

सोमवार, १९ तारीख

डोळे सुजलेत. सायकलवाला सकाळी वर आला आणि म्हणाला, खोल्यांची काही घाई नाही, मावशी, राहा हवं तेवढं. मी म्हटलं बघू.

पाटीचं काय करायचं यावर काल बराच काथ्याकूट झाला. मुख्याध्यापक नवीन दगड आणायला निघाले होते. मीच म्हटलं, राहू दे आहे तशी. शांत म्हणे! निदान वाचणारे सगळे हसतील तरी. मग मी कापड ओढलं आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या.

एक गोष्ट मात्र सकाळपासून डोक्यातून जात नाही. तिला माहीत होतं का, की यांना माहीत आहे? माहीत असणारच, नाहीतर कोरा फळा का पुसला? मग मला का नाही सांगितलं? दर रविवारी फोनवर स्वेटरपासून सगळ्यावर खोटं बोलली, हेही लपवलं. विचारलं असतं तर म्हणाली असती, "काहीतरीच काय तुझं," आणि तिच्या आवाजावरून मला बरोबर कळलं असतं. आता कळणार नाही. याचा मला फार राग आला आहे, आणि ती फार हवीशी वाटते आहे.

ताईची बस सुटली त्या दिवशी आई आणि मी चालत घरी आलो. उंबऱ्याशी आल्यावर मला म्हणाली, "तिथे हिच्या मागे कोण उभं राहणार गं?" मी तेव्हा लहान होते, मला उत्तर आलं नाही. आईने ती काळजी शेवटपर्यंत बोलून दाखवली. दुखण्यात पडली तेव्हासुद्धा मध्येच विचारायची, ताईचं बरं चाललंय ना तिथे, कोणी काही बोललं नाही ना तिला.

आईला सांगायला हवं होतं कोणीतरी. अख्खं गाव उभं होतं गं.